गिऱ्हाईक ताळेबंदात शोधताना

भोसरी-चाकण पट्ट्यात काहीही विकणाऱ्या माणसाकडे कारखान्यांची एक यादी असतेच. माल कॉम्प्रेसर असो, केबल असो, स्टोरेज रॅक असोत की कॅन्टीनचं कंत्राट. यादी कुठल्या तरी प्रदर्शनातून आणलेली, कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून उतरवून घेतलेली. सेल्सला नवा मुलगा लागला की ती त्याच्या हातात ठेवतात आणि तो पहिल्या नावापासून फोन लावत सुटतो. काही नंबर बंद, काही ठिकाणी नुसतीच रिंग, बाकी सगळीकडे "परचेसला मेल टाका".

यादीत नावं असतात, पत्ते असतात. यंदा खर्च कोण करणार आहे आणि माल उतरल्यावर पैसे वेळेवर कोण देणार आहे, हे तिच्यात नसतं. गंमत म्हणजे ही दोन्ही उत्तरं कंपनीने स्वतः सरकारदरबारी लिहून दिलेली असतात आणि ती कुणालाही पाहता येतात. ताळेबंद उघडायचा तो एवढ्यासाठीच. कंपनी केवढी मोठी आहे हे तर गेटवरूनही दिसतं.

पुढची कृती एअर कॉम्प्रेसर आणि त्याची पाइपलाइन पुरवणाऱ्या लहान व्यावसायिकाला समोर ठेवून लिहिली आहे. माल बदलला तर खुणा बदलतील, रीत तीच.

आधी आपल्या मालाची खूण ठरवा

कागद काढण्यापूर्वी एक वाक्य लिहा: "माझा माल लागतो तेव्हा कारखान्याच्या हिशेबात अमुक आकडा हलतो." हे वाक्य लिहिता आलं नाही तर पुढे जाऊ नका.

कॉम्प्रेसरवाल्यासाठी तो आकडा म्हणजे 'पॉवर अँड फ्युएल'. रॅकवाल्याने विक्रीच्या तुलनेत मालसाठा किती वेगाने वाढला ते बघावं. सीएनसी मशिन विकणाऱ्याने 'जॉबवर्क चार्जेस'वर बोट ठेवावं. बाहेरून करून घेतलेल्या कामाचं बिल फुगत चाललं की मालक कधी ना कधी म्हणतो, मशिनच घेऊ. तपासणीची उपकरणं विकणाऱ्याने वॉरंटीपोटी केलेली तरतूद बघावी. हे खर्च वेगळे दिसतात कारण कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ प्रमाणे विक्रीच्या १ टक्का किंवा १ लाख रुपये, यांतल्या मोठ्या रकमेच्या वर जाणारा प्रत्येक खर्च स्वतंत्र दाखवावा लागतो. 'इतर खर्च' या गाठोड्यात सगळंच कोंबता येत नाही.

नावं गोळा करा, पण चाळीसच

जुनी यादी टाकू नका, तिच्यातून वेचा. मराठा चेंबरची सभासद-सूची, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या उद्योजक संघटना, मोशीच्या प्रदर्शनांतले स्टॉल, आणि सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे गाडी काढून एमआयडीसीत एक फेरी. प्रदूषणाच्या लाल-नारिंगी वर्गातल्या कारखान्यांच्या गेटवर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमांसाठी लावलेला फलक असतो. आत काय बनतं ते त्यावरून कळतं. बाजूच्या प्लॉटवर नवी शेड उभी राहत असेल तर तेही टिपून ठेवा. फेरी गुरुवारी मारू नका, भोसरी-चाकणकडे तो साप्ताहिक सुट्टीचा वार.

प्रत्येक नावापुढे कंपनीचा सीआयएन क्रमांक लिहा. तो एकवीस अक्षरांचा असतो आणि वाचता आला तर बरंच सांगतो. थरमॅक्सचा क्रमांक घ्या: एल-२९२९९-पीएन-१९८०-पीएलसी-०२२७८७. 'एल' म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, नसेल तर 'यू'. 'पीएन' म्हणजे पुण्याच्या कंपनी निबंधकाकडची, १९८० हे स्थापनेचं साल, 'पीएलसी' म्हणजे पब्लिक. प्रायव्हेट असेल तर 'पीटीसी'. मधले पाच आकडे धंद्याचा प्रकार सांगतात, पण त्यांवर विसंबू नका. जुन्या वर्गीकरणात २९ म्हणजे यंत्रसामग्री, नव्यात २९ म्हणजे मोटारी आणि त्यांचे भाग. शिवाय नोंदणी एका धंद्याची आणि आज चाललंय भलतंच, अशा कंपन्या कमी नाहीत. आणखी एक, 'पीएन' दिसलं म्हणून कारखाना पुण्यातच असेल असं नाही. आकुर्डी स्टेशनाजवळच्या या निबंधक कार्यालयाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरही येतात. उलट, नोंदणी मुंबईची आणि प्लांट रांजणगावला, असंही सर्रास असतं.

नाव प्रोप्रायटरी किंवा भागीदारी फर्मचं असेल तर ताळेबंद मिळणारच नाही, आणि भोसरीतली कितीतरी वर्कशॉप्स अशीच आहेत. त्यांच्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटी क्रमांक टाका. नोंदणी कधीची आहे आणि रिटर्न नियमित भरले जातात का, एवढं फुकट कळतं. रिटर्न लांबवणारा माणूस तुमचंही बिल लांबवेल असा अंदाज बांधायला हरकत नाही.

चाळीसपेक्षा जास्त नावं घेऊ नका. वाचून होत नाहीत आणि मग न वाचताच फोन सुरू होतात.

कागद काढण्याची वेळ

मार्चअखेरचे हिशेब लगेच मिळत नाहीत. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची, त्यानंतर ३० दिवसांत एओसी-४ या फॉर्मसोबत ताळेबंद दाखल करायचा, ६० दिवसांत एमजीटी-७ हे वार्षिक विवरण. सरकार अधूनमधून मुदतवाढही देतं. म्हणजे कामाचा हंगाम डिसेंबर-जानेवारी. दिवाळीच्या आधी काढलेला ताळेबंद बहुधा त्याच्या आदल्या वर्षाचा निघतो.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर खातं उघडा. कंपनीची मूळ माहिती आणि चार्जची, म्हणजे कर्जापोटी मालमत्तेवर चढलेल्या बोजांची, यादी फुकट दिसते. दाखल केलेली कागदपत्रं पाहायला दर कंपनीमागे १०० रुपये शुल्क आहे. पैसे भरल्यावर पाहायला ठरावीकच वेळ मिळतो, म्हणून भराभर डाउनलोड करून घ्या. वाचन नंतर, चहा घेत. चाळीस कंपन्यांचे चार हजार होतात. प्रदर्शनातल्या एका दिवसाच्या स्टॉलचा खर्च मांडून बघा म्हणजे हे पैसे जड वाटणार नाहीत.

शेअर बाजारातल्या कंपन्यांना, म्हणजे भारत फोर्ज, थरमॅक्स, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, कमिन्स इंडिया अशांना शंभर रुपयेही लागत नाहीत. वार्षिक अहवाल आणि तिमाही निकाल बाजारांच्या संकेतस्थळांवर मोफत आहेत. लहान पुरवठादाराला तिथे थेट ऑर्डर मिळणं अवघड, पण त्यांचे अहवाल वाचाच. मोठी कंपनी क्षमता वाढवते तेव्हा तिला सुटे भाग देणाऱ्या वीस-पंचवीस लहान कारखान्यांनाही हातपाय पसरावे लागतात, आणि ते तुमच्या आवाक्यातले असतात.

क्रिसिल, इक्रा, केअर यांचे पतमानांकनाचं टिपणही त्या-त्या संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत असतं. दोन-चार पानांत विस्तार कुठे चाललाय, त्यासाठी कर्ज किती, बँकेची मर्यादा किती वापरली जाते, मोठं गिऱ्हाईक गेलं तर काय होईल, हे सगळं सापडतं. नावापुढे 'इश्युअर नॉट कोऑपरेटिंग' असा शेरा असेल तर समजा की कंपनीने पतमानांकन संस्थेला माहिती देणं थांबवलंय. ते नाव तळाशी सरकवा.

वाचायला कुठून सुरुवात करायची

नफ्यापासून नको. आधी चार्जच्या यादीपासून करा.

ताळेबंद हातात येईपर्यंत आठ-नऊ महिन्यांचा शिळा झालेला असतो. चार्जची नोंद मात्र कर्जाचे कागद झाल्यापासून ३० दिवसांत सीएचजी-१ या फॉर्मने करायची असते. सातबाऱ्यावर बोजा चढतो तसाच हा. त्यात बँकेचं नाव, रक्कम, तारीख आणि फॉर्म उघडला तर तारणाचं वर्णन असतं: अमुक गट नंबर, मौजे अमुक, तालुका खेड, त्यावरची शेड आणि यंत्रसामग्री. खेड तालुक्यातल्या नव्या गटावर नवं टर्म लोन दिसलं तर तिथे येत्या काही महिन्यांत वीज, हवा, पाणी, रंग, रॅक, सगळंच लागणार. एक सावधगिरी: दहा-वीस लाखांचा चार्ज बहुतेक वेळा साहेबांच्या गाडीचा असतो. आणि जुनंच कॅश क्रेडिट वाढवून घेतलं तर तीही नोंद होते. तो विस्तार असेलच असं नाही. रकमेपेक्षा तारणाचं वर्णन वाचा.

मग ताळेबंदातल्या तीन जागा.

पहिली, 'कॅपिटल वर्क-इन-प्रोग्रेस', म्हणजे अर्धवट उभं असलेलं काम. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या बदलांनंतर या रकमेचं वयही द्यावं लागतं: एक वर्षाच्या आतलं किती, तीन वर्षांच्या वरचं किती. रक्कम मोठी आणि सगळी एका वर्षाच्या आतली, तर काम जोरात आहे. तीच रक्कम तीन वर्षांच्या रकान्यात पडून असेल तर प्रकल्प अडलाय आणि मालकाला त्याबद्दल बोलायचंही नसतं.

दुसरी, 'कॅपिटल ॲडव्हान्सेस'. यंत्रांसाठी दिलेली आगाऊ रक्कम. मुख्य मशिन विकणाऱ्याला ही नोंद म्हणजे उशीर झाल्याची खबर, ऑर्डर कुणाला तरी गेलेली आहे. कॉम्प्रेसरवाल्याची मात्र हीच वेळ. हवा, केबल, क्रेन, अग्निशमन यांच्या ऑर्डरी मुख्य मशिननंतर निघतात.

तिसरी जागा टिपांच्या अगदी शेवटी असते, म्हणून बहुतेक जण तिथवर पोचतच नाहीत. 'एस्टिमेटेड अमाउंट ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स रिमेनिंग टु बी एक्झिक्युटेड ऑन कॅपिटल अकाउंट'. अर्थ साधा आहे: करार झालाय, पैसे जायचे आहेत. मागच्या वर्षी ही रक्कम निरंक आणि यंदा कोटींत असेल तर त्या पानाची घडी घालून ठेवा.

यंत्रं किती जुनी झालीत तेही बघता येतं. 'प्लांट अँड मशिनरी'ची मूळ किंमत आणि आजवरचा घसारा यांचा भागाकार करा. ऐंशी टक्के घसारा झाला असेल तर बदलीची चर्चा कुठे तरी चालू असणार. पण इंड-एएस या हिशेबपद्धतीत आलेल्या मोठ्या कंपन्यांत हा भागाकार फसवतो. पद्धत बदलताना अनेकांनी उरलेली किंमत हीच नवी मूळ किंमत धरली, त्यामुळे वीस वर्षांचं मशिनही कागदावर तरणं दिसतं. घसाऱ्याच्या टिपेत दोन किंवा तीन पाळ्यांचा जादा घसारा धरलेला दिसला तर मात्र समजा, मशिनला उसंत नाही.

संचालकांच्या अहवालात 'कॉन्झर्वेशन ऑफ एनर्जी' नावाचा एक परिच्छेद असतो. पुष्कळ कंपन्या दरवर्षी तोच मजकूर चिकटवतात. जिथे तो नव्याने लिहिलेला असतो, म्हणजे एलईडी दिवे झाले, छतावर सौर पॅनल झाले, हवेची गळती शोधायचं काम हाती घेतलंय, तिथे विजेच्या बिलाकडे लक्ष देणारा कुणीतरी माणूस आहे. तुम्हाला भेटायचंय त्याला.

लहान कंपनीला कॅश फ्लोचा तक्ता आणि ऑडिटरच्या अहवालाची सविस्तर पुरवणी यांतून सूट आहे, तेव्हा ते पान सापडलं नाही म्हणून संशय घेऊ नका.

पैसे देणारा आहे का?

गरज दिसली की सेल्सवाला हरखतो आणि इथेच वाचन थांबवतो. ऑर्डर मिळवणं सोपं आणि पेमेंट काढणं महाकठीण, असे कारखाने आपल्याकडे आहेत हे सांगायला नको.

'ट्रेड पेयेबल्स'ची टीप उघडा. सूक्ष्म-लघु उद्योगांची देणी आणि इतरांची देणी वेगळी दाखवलेली असतात, त्यांतली थकलेली किती आणि किती वर्षांची याचा तक्ताही असतो. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. ते व्याज किती झालं आणि किती दिलं, याचीही नोंद तिथेच. "व्याज देय, पण दिलेलं नाही" अशी रक्कम दरवर्षी वाढत असेल तर ही कंपनी लहान पुरवठादाराच्या जिवावर भांडवल फिरवतेय.

हा कायदा आपल्याला लागू होतो का, तेही बघा. उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म आणि लघु उत्पादक व सेवा देणारे यांनाच हे ४५ दिवसांचं संरक्षण आहे. दुसऱ्याचा कॉम्प्रेसर नुसता विकणाऱ्या डीलरला उद्यम प्रमाणपत्र मिळतं, पण त्याचा उपयोग बँकेच्या कर्जापुरता. ४५ दिवसांचं संरक्षण आपल्यालाही आहे या भ्रमात पुष्कळ डीलर असतात आणि थकबाकी झाल्यावर त्यांना खरं काय ते कळतं.

स्वतःचा हिशेबही करा: ट्रेड पेयेबल्स भागिले वर्षाची खरेदी, गुणिले ३६५. येतात ते सरासरी दिवस. देण्यांमध्ये जीएसटी धरलेला असतो, खरेदीत नसतो. म्हणून आकडा थोडा फुगलेला निघतो, तेवढं मनात वजा करा.

एक कंपनी उलगडून

समजा चाकणची एक फोर्जिंग-मशिनिंग कंपनी आहे. काल्पनिक, पण असे ताळेबंद तुम्हाला सापडतील.

विक्री ६२ कोटींवरून ७८ कोटी. पॉवर अँड फ्युएल ३.१ कोटींवरून ४.६ कोटी, म्हणजे विक्रीच्या ५ टक्क्यांवरून जवळजवळ ५.९ टक्के. जॉबवर्क २.४ कोटींवरून ५.५ कोटी. अर्धवट काम २० लाखांवरून ६.४ कोटी, सगळं एका वर्षाच्या आतलं. कॅपिटल ॲडव्हान्स १.९ कोटी. चार्जच्या यादीत जुलैमध्ये ९ कोटींचं नवं टर्म लोन, तारण शेजारचा गट.

जॉबवर्क दुपटीहून वाढलं म्हणून मालकाने मशिनिंग घरात आणायचं ठरवलं, त्यासाठी शेजारी जागा घेतली, शेड उभी केली, मशिनची आगाऊ रक्कम दिली. नवी मशिन म्हणजे जास्त हवा. आणि वीज आधीच विक्रीपेक्षा वेगाने वाढतेय, म्हणजे जुनी व्यवस्थाही कुठे तरी गळतेय किंवा ओढून चालवलीय. निव्वळ वीजदर वाढले असण्याचीही शक्यता आहे. म्हणून त्याच भागातल्या तशाच दुसऱ्या दोन कंपन्यांचा हा आकडा काढून शेजारी ठेवा. त्यांचाही तेवढाच वाढला असेल तर ही खूण खोडा. त्यांचा जागेवर असेल तर खूण पक्की.

आता देणी. खरेदी ४१ कोटी, ट्रेड पेयेबल्स १०.१ कोटी: ९० दिवस. जीएसटीचे १८ टक्के काढले की साधारण ७६. लघुउद्योगांची थकलेली रक्कम १२ लाख, मागच्या वर्षी ११. म्हणजे बुडवणारी कंपनी नाही, पण रेंगाळणारी आहे. तिचंही गिऱ्हाईक तिला तेवढ्याच दिवसांनी पैसे देतंय, येणी १९.२ कोटी आहेत, विक्रीवर हिशेब करून बघा. त्यात नव्या कर्जाचे हप्ते सुरू होणार. माझा कौल असा: जा, पण निम्मी रक्कम ऑर्डरसोबत, बाकीची माल निघण्यापूर्वी. टर्म लोनमधून यंत्रखरेदी होत असते तेव्हा बँक बहुधा पुरवठादाराला थेट पैसे देते. तुमचं कोटेशन त्या कर्जाच्या यादीत बसलं तर कंपनीच्या रोजच्या ओढाताणीशी तुमचा संबंधच येत नाही. म्हणून कर्ज उचलून संपण्याआधी पोचायला हवं.

चाळीसही कंपन्यांची अशी एकेक ओळ एक्सेलमध्ये लिहा. गरज आहे आणि पैसे वेळेवर, ते वर. गरज आहे पण पैसे रेंगाळतात, ते आगाऊ रकमेच्या अटीवर. गरज नाही पण पैसे चोख, त्यांना पुढच्या डिसेंबरात पुन्हा बघा. चौथा गट कोणता ते वेगळं सांगत नाही.

फोन

सरकारी नोंदीतल्या ईमेलवर मेल टाकू नका. तो बऱ्याचदा सीएच्या किंवा कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसचा असतो आणि तिथे तुमचं कॉम्प्रेसरचं पत्रक कुणालाच नकोय. संचालकांचे घरचे पत्ते कागदांत दिसतात, त्यांच्याकडे ढुंकूनही बघू नये. कारखान्याच्या बोर्डलाइनला फोन करा आणि मेंटेनन्स किंवा प्रोजेक्ट बघणाऱ्या माणसाचं नाव विचारा. परचेस शेवटी.

आणि ताळेबंदाचा उल्लेख चुकूनही नको. "साहेब, तुमचं विजेचं बिल दीड कोटीने वाढलंय" असं म्हणालात तर समोरचा आधी हादरेल, मग हेरगिरीचा संशय घेईल. त्यापेक्षा:

"नमस्कार साहेब, भोसरीतून बोलतोय, कॉम्प्रेस्ड एअरचं काम करतो. शेजारच्या नव्या शेडचं काम कुठवर आलं?"

"आलंय छतापर्यंत. का हो?"

"हवेची लाइन जुन्याच कॉम्प्रेसरवरून ओढणार आहात की वेगळी?"

इथे तो थांबतो. कारण हा प्रश्न त्याच्या मनात आहेच आणि बहुधा कुणी विचारलेला नसतो. पुढचं वाक्य त्याला बोलू द्या. मग सांगा की तासाभरात लोडिंग-अनलोडिंगचं रीडिंग घेऊन गळती किती आहे ते लिहून देतो, त्याचे पैसे नाहीत. तारीख मागा. भेट झाली की एक्सेलच्या त्याच ओळीत शेवटच्या रकान्यात लिहा: ताळेबंदावरून काढलेला अंदाज बरोबर होता की चूक, आणि चूक असेल तर कुठल्या आकड्याने फसवलं. वर्षभरात त्या रकान्यावरून कळतं की तुमच्या मालाची खरी खूण कोणती. पुढच्या डिसेंबरात आधी तोच आकडा बघायचा.